लागते का वाटते

हिर्डोशीच्या सोपानचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला होता, आणि त्याचं पिणंही. भातकापणीला एकाने भलरीच्या गाण्याची ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. तो एक म्हणजे सोपान. ओळ टाकण्याआधी त्याने बांधाआड जाऊन हातभट्टीचा घोट घ्यायचा, हेही ठरलेलं. घेतल्याशिवाय आपला गळा सुटत नाही अशी त्याची पक्की समजूत होती, आणि ती काही कापणीपुरती राहिली नाही. लग्न असलं म्हणून घ्यायची, मयत झाली म्हणून घ्यायची, आणि दोन्ही नसलं तर करमत नाही म्हणून घ्यायची. शिमग्याला त्याने पेरणीचं भात विकून पिऊन टाकलं, तेव्हा त्याची बायको फुलाबाई मार्गासनीला माहेरी निघून गेली.

रिकामं घर खायला उठलं, तसा सोपान दारू सोडायची म्हणून भोरला गेला. तिथल्या दवाखान्यात सौदामिनीबाई म्हणून तरुण डॉक्टर आल्या होत्या, पुण्याहून मनाच्या आजारांचं शिकून. त्यांनी आधी त्याला ठेवून घेतलं, हातांची थरथर औषधांनी थांबवली आणि मग समोर बसवलं. आता शपथ घालतील नाहीतर झाडून काढतील, या तयारीने सोपान बसला होता. बाईंनी विचारलं, "सोपानराव, घोट घ्यायच्या आधी मन काय म्हणतं?"

"मन काय म्हनायचं? मला लागती, म्हून घेतो."

"लागते, का हवीशी वाटते?"

एवढी शिकलेली बाई आणि हे काय विचारते, असं सोपानच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"इथं आल्यापासून मिळाली नाही," बाई म्हणाल्या. "जीव गेला का?"

"गेल्यावानी लई वाटलं."

"वाटलं ना? मग तेच म्हणतेय मी. मनात येतं ते सगळं खरं नसतं. 'लागते' असं मन म्हणालं की त्याला अडवायचं, कशावरून म्हणून विचारायचं. तलफ येते तशी ओसरते. तोवर हाताला दुसरं काम द्यायचं."

सोपानने हे मनावर घेतलं. फक्त हे सगळं मनातल्या मनात करायचं असतं, हे सांगायचं बाईंच्या ध्यानात आलं नाही. परतीच्या एस्टीत तो मोठ्यांदा म्हणाला, "लागती कुठं? नुसती वाटती." कंडक्टरने त्याला खाली उतरवण्याचीच भाषा केली. वाडीतही तेच. इतकी वर्षं झिंगून पडला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. आता शुद्धीवर राहून ओढ्याकाठी एकटाच हुज्जत घालायला लागला, तर सोपान कामातून गेला म्हणून लोक हळहळले.

ही खबर मार्गासनीला पोचली आणि फुलाबाई गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. सोपान लाकडं फोडत बडबडत होता.

"कुनासंगं भांडताय?"

"मनासंगं."

"मंग जितलं कोन?"

"आज तरी मी."

ती आत गेली. गाठोडं मात्र तिने सोडलं नाही, तसंच खुंटीला टांगलं. "कापनी हुईस्तवर बघते," ती म्हणाली. "बांधाआड गेलासा, की मी चालले." सोपानचं निम्मं लक्ष त्यानंतर त्या खुंटीकडेच असायचं. पण घरात बाई माणूस आलं, चूल पेटली, आणि त्याने चहा मागितला की फुलाबाई विचारायची, "लागतो का वाटतो?" दोघंही हसायची. कितीतरी दिवसांनी त्या घरात हसणं ऐकू आलं.

कापणीच्या तोंडावर तो पुन्हा भोरला गेला. "बाकी जमलं, बाई. पर गळा घेतल्याबिगर सुटत न्हाई."

"कशावरून?"

"आजवर घिऊनच गायलोय."

"म्हणजे न घेता गाऊन बघितलंच नाही की. बघा एकदा, आणि काय होतं ते मला सांगा."

कापणीच्या दिवशी सगळी माणसं विळे घेऊन ओळीने वाफ्यात उतरली. सोपानने पहिली ओळ टाकली आणि आवाज मधेच फाटला. पोरी खुदकन हसल्या. फुलाबाई मान खाली घालून कापत राहिली. म्हातारा चिमाजी मायेने जवळ आला, घोंगडीतली बाटली दाखवत म्हणाला, "वाईच घे. समदी खोळंबल्याती."

बाटली हाताशी, बांध चार पावलांवर, आणि सोपानच्या डोळ्यांपुढे खुंटीवरचं गाठोडं. लागती, मन म्हणालं. सवयीप्रमाणे तो मोठ्यांदाच ओरडला, "लागती म्हनं लागती, कशावरनं?"

माणसांना वाटलं, हीच नवी ओळ. सगळ्या रांगेने ती एका दमात उचलली: "कशावरनं गं, कशावरनं?"

सोपान आधी चमकला आणि मग पोट धरून हसला. हसता हसताच त्याने पुढची ओळ टाकली, ती सरळ वरच्या पट्टीत गेली. मग तो थांबलाच नाही. विळे तालात चालू लागले, आणि चिमाजीने बाटली घोंगडीत गुंडाळून ठेवली.

दुपारी फुलाबाईने भाकरी पुढ्यात ठेवली. "आज सूर बेस लागला," ती म्हणाली.

"लागला, का तुला वाटला?"

तिने जरा विचार केला. "लागला," ती म्हणाली.

संध्याकाळी सोपान घरी आला तेव्हा खुंटी रिकामी होती, आणि फुलाबाईची लुगडी दोरीवर त्याच्या धोतराशेजारी टाकलेली होती.