बावखलाची मागची बाजू

मंडळी, हल्ली आपल्या अंगठ्याला भारीच घाई झालीय. मोबाइलवर काही आलं की डोळ्यांनी नीट बघण्याआधीच तो पुढे ढकलतो! वसईतल्या वाडीवाल्या एकनाथरावांचंही तसंच झालं. बावखलात मलबा ओतणाऱ्या टेम्पोचा व्हिडिओ आला. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, बागायतीचा जीव! एकनाथराव भडकले. खाली लिहिलं, 'पांढरा टेम्पो, म्हणजे ज्युलियसच!' आणि दिला गावभर पाठवून.

ज्युलियस सगळ्या वाड्यांचा सोनचाफा नि भाजी बाजारात पोचवायचा. दुसऱ्या दिवसापासून कोणी त्याच्या टेम्पोत टोपली ठेवीना. बिचारा दारात आला.

"एकनाथकाका, देवाशप्पत मी नाय टाकला. टेम्पो बंद झाला तर पोरांना खायला काय घालू?"

"व्हिडिओ काय खोटं बोलतो?" एकनाथरावांनी पाठ फिरवली. संध्याकाळी वाडीवाल्यांच्या बैठकीत त्याचं काम कायमचं बंद करायचं ठरणार होतं.

सून सुरुचीला राहवेना. "बाबा, टेम्पोचा नंबर दिसतो का त्यात? जागा तरी कळते का?"

"कॅमेरा गरागरा फिरतोय, कळणार काय कप्पाळ!"

"फिरतोय तेच बरं. बसा जरा." व्हिडिओ थांबवत थांबवत तिने त्यातली चित्रं काढली आणि लॅपटॉपवर एकाला लागून दुसरं जोडत गेली.

"जोड, जोड! पुरावाच मिळेल!" एकनाथरावांना हुरूप आला.

हळूहळू सगळा परिसर एका लांबलचक चित्रात दिसू लागला. वाकडा माड, पाणी, टेम्पो आणि उजवीकडे गुलाबी भिंतीचं पंपघर. एकनाथरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"अरे देवा! हे तर आपलं पंपघर!"

घरात नळ आल्यापासून ते बावखलाच्या मागच्या काठाला फिरकलेच नव्हते. स्वतःचंच पाणी त्यांना ओळखू आलं नाही! महिन्यापूर्वी घरातलं न्हाणीघर फोडलं होतं, त्याचा मलबा कंत्राटदाराने नेला होता. त्यांनी घाईघाईने त्याला फोन लावला, तर तो म्हणतो, "माझाच टेम्पो. तुम्हीच म्हणालात ना, मलबा नजरेआड कर, बाकी तुझं तू बघ!"

आता एकनाथराव गप्प राहिले, तर घराबाहेर कुणाला पत्ताही लागणार नव्हता.

"बाबा, चूक कुणाच्याही हातून होते," सुरुची हळूच म्हणाली. "पण इवलासा तुकडा बघून माणसाच्या पोटावर पाय द्यायचा, हा कुठला न्याय?"

संध्याकाळी बैठकीत एकनाथराव लॅपटॉप घेऊन उभे राहिले. "थांबा! बावखल माझं, मलबाही माझा आणि बदनामी केली मी ज्युलियसची. ज्युलियस, चुकलो रे, माफ कर!"

ज्युलियसने डोळे पुसले. "काका, चारचौघांत बोललात, बस झालं. पण मलबा काढायला टेम्पो माझाच घ्यायचा हां!"

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथराव स्वतः घमेलं घेऊन मागच्या काठावर उतरले.

तेव्हा मंडळी, कुणाचं नाव घेण्याआधी घटकाभर थांबा, जागा ओळखा, चारी बाजू बघा. आणि दोष आपल्याच वाडीत निघाला, तर तो मोठ्याने सांगायची हिंमत ठेवा!