कोंबडी अंड्यांवर बसली

स्तामेन वर्षातले आठ महिने ट्रकमध्ये काढायचा. बायको इटलीत कुणा म्हातारीची देखभाल करायला गेलेली. राहता राहिली नऊ वर्षांची लेक नेव्याना. ती डोंगरातल्या गावी त्याच्या आईपाशी, ग्रोझ्दापाशी वाढत होती. बाप घरी आला की पोरगी पाहुण्याला विचारावं तसं विचारायची, "प्रवास नीट झाला ना?" पोटच्या पोरीने असं विचारलं की जीव कसा तुटतो, ते ज्याला विचारलं त्यालाच ठाऊक.

फेब्रुवारीत त्याने प्लॉव्हदिव शहरातून ताऱ्यांचा नकाशा आणला. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, वरचीला खिडकी. आजची तारीख आणि आत्ताची वेळ समोरासमोर आणली की खिडकीत डोक्यावरचं आभाळ दिसतं. स्तामेनला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीशी बोलायला एक विषय हवा होता. जेवण झालं की दोघं अंगणातल्या बाकावर बसायची, कांबळं पांघरून.

पोरगी शिकायलाही भलतीच हुशार निघाली. सकाळी चकती घेऊन खिडकीशी बसायची आणि संध्याकाळी बापालाच शिकवायची. अंगणात उतरताना त्याची बाही घट्ट धरून ठेवायची. स्तामेनला वाटायचं, चला, उशिरा का होईना, लेकीला माया लागली. पुढच्या फेऱ्यांत तो दर मुक्कामावरून फोन करायचा आणि ती विचारायची, "परत कधी येशील? अजून पुष्कळ तारे राहिलेत." त्या एका वाक्यावर गड्याचे हजार किलोमीटर निघायचे.

मे महिन्यात, संत जॉर्जच्या सणाला कोकरू भाजून झालं, त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी तो पुन्हा घरी होता. अंधार पडला तशी दोघं बाकावर आली. त्याचा चष्मा आतच राहिला होता, पण उठायचा कंटाळा. चकतीवर मार्चला 'मार्त' लिहिलेलं आणि मेला 'माय'. त्याने 'मा' पाहिला आणि दिली फिरवून.

"हं, आज कोंबडी शोधू," तो म्हणाला. सात बारक्या ताऱ्यांच्या घोळक्याला तिकडे कोंबडी आणि तिची पिल्लं म्हणतात. "पश्चिमेला दाखवतेय. अक्रोडाच्या झाडावर बघ."

स्वतः बघितलं तर त्याला काही सापडेना. त्याने डोळे चोळले, मान वाकडी केली.

"दिसली!" नेव्याना म्हणाली.

"खरं?"

"सातही दिसतात. एक कोंबडी, सहा पिल्लं."

"वा रे माझी घार! बापाला एक दिसेना आणि हिला सात! आई, ऐकलंस का? पोरीची नजर बघ!"

ग्रोझ्दा दारात बसून शेंगा सोलत होती. तिने हातातली शेंगसुद्धा खाली ठेवली नाही. "कसली कोंबडी दिसली?"

"आभाळातली, आजी," नेव्याना म्हणाली.

"या दिवसांत? अक्कल गहाण ठेवलीत का दोघांनी? सणापासून कोंबडी अंड्यांवर बसते. महिनाभर कुणाच्या बापाला दिसत नाही. माझा बाप मेंढरं राखायचा, त्याच्यापेक्षा तुमच्या पुठ्ठ्याला जास्त कळतं होय?"

स्तामेन हसला. मोबाइलच्या उजेडात चकती डोळ्यांशी नेली. मार्त. त्याने ती मेवर आणली, तशी कोंबडी सरकत सरकत खिडकीच्या कडेखाली गेली. त्याचं हसू थांबलं.

त्याने उजेड विझवला. "नेव्या, मोठा गाडा कुठाय गं?"

मोठा गाडा, म्हणजे ते सात ठसठशीत तारे, ऐन डोक्यावर होता. नेव्यानाने जराही न थांबता गोठ्याच्या छपराकडे बोट केलं. मार्चमध्ये तो तिकडेच असायचा.

स्तामेन तिच्याकडे वळला. त्याने हात उंच केला. "हा माझा हात दिसतो?"

तिने चाचपत त्याची बाही शोधली.

दारात शेंगा सोलायचा आवाज बंद झाला. "कोंबडीचं आंधळेपण," ग्रोझ्दा अगदी हळू म्हणाली. रातांधळेपणाला गावात हाच शब्द होता. कोंबडीला दिवेलागणीनंतर दिसत नाही म्हणून. "आमच्या नायदेनला होतं, स्तामेन. असंच. आणि मी मेली पोरीला धांदरट म्हणत राहिले."

नायदेनमामाबद्दल तिने सांगायची गरज नव्हती. लहानपणी संध्याकाळी चर्चमधून मामाला हाताला धरून आणायचं काम स्तामेनचंच होतं. आधी रात्रीची नजर गेली, मग बाजूचं दिसेनासं झालं. पन्नाशीत मामा भर दुपारी भिंत चाचपत चालायचा. आणि ही तर नऊ वर्षांची. सोमवारची फेरी रद्द, उद्या प्लॉव्हदिवला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, हे त्याने तिथल्या तिथे ठरवलं. पण डॉक्टर काय सांगणार, ते त्याला बाकावर बसूनच कळून चुकलं होतं.

"पहिल्यापासून दिसत नव्हते?" त्याने विचारलं.

"चंद्र दिसतो."

"आणि तारे?"

"एकपण नाही. मी चकती पाठ केली होती. तूच म्हणालास ना, चकतीवर असतं ते वर असतंच."

"अगं, मग सांगायचं नाही का? मी काय ओरडलो असतो?"

"ओरडला नसतास," नेव्याना म्हणाली. "आत गेला असतास. टीव्हीसमोर. मी अजून एक तारा विचारला की तू अजून थोडा वेळ बसायचास."

 पोरगी खरं बोलत होती. पहिल्याच रात्री तिने "मला दिसत नाही" म्हटलं असतं, तर "बरं, चल मग आत" म्हणून तो सुटकेचा निःश्वास टाकत उठला असता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. पोरीला दिसू नये म्हणून त्याने तोंड फिरवलं. मग तिला अंधारात दिसतच नाही, हे लक्षात आलं आणि रडूच फुटलं.

"आता आत जायचं का?" तिने विचारलं.

"नाही. बसू."

ग्रोझ्दाने शेंगांची पाटी उचलली आणि ती आत गेली. तिच्यामागे दार लोटलं गेलं, उरलासुरला उजेडही गेला. आभाळ ताऱ्यांनी काठोकाठ भरलं होतं, इतकं की फेब्रुवारीपासून एकदाही तसं झालं नव्हतं.

"आज किती आहेत, बाबा?"

स्तामेनने वर बघितलं. "आज एकही नाही गं," तो म्हणाला. "नुसता अंधार आहे."

नेव्याना सरकून त्याला चिकटली.

"मग आज आपल्याला सारखंच दिसतंय," ती म्हणाली.