न जुळलेली ओळ

माहिती शोधायची क्वेरी लिहून झाली, पण एंटरवर ठेवलेलं बोट तिच्याच्यानं दाबवेना.

नेत्रपेढीचा डेटाबेस ती सात वर्षं सांभाळत होती. एका टेबलात डोळे देणारे, दुसऱ्यात ते ज्यांना बसवले ती माणसं. दोन्हींमध्ये दुवा एकच, बुबुळाचा क्रमांक. तो धरून ही दोन टेबलं कधी जोडायची नाहीत, देणाऱ्याच्या घरच्यांना घेणारा कळता कामा नये, हे नव्या माणसांना तीच पढवायची. आज सासूबाईंसाठी ती स्वतःच नियम मोडत होती.

नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते. अपघात सकाळचा. डोळे द्यायचा विषय तिने काढला, तशा सासूबाई इस्पितळाच्या दारातच आडव्या झाल्या. "माझ्या लेकाला आंधळा करून पाठवू नका गं!" त्यांची समजूत घालता घालता दिवस मावळला. पुढे मात्र त्याच डोळ्यांनी त्यांना तगवलं. रस्त्यात कुणी क्षणभर पाहिलं, तरी त्यांचा पाय अडखळायचा. आज सकाळी त्या म्हणाल्या होत्या,

"नाव नको सांगूस. कुणाकडे आहे तो, एवढंच बघून ये."

तिने बोट दाबलं. शून्य ओळी.

क्रमांक चुकला असेल म्हणून तिने तो अंक अंक करून पडताळला. बरोबर होता. मग तिने जोडणीच बदलली: पलीकडे कुणी जुळो न जुळो, देणाऱ्याची ओळ गाळायची नाही. आता ओळ आली. नवऱ्याचं नाव, वय, तारीख. त्यापुढे घेणाऱ्याचे रकाने एकजात रिकामे.

देणाऱ्यांच्या टेबलात शेवटी शेरा होता: 'काढण्यास उशीर. वापरास अयोग्य.' ती रजेवर असताना शेजारी बसणाऱ्या बाईंनी भरलेला. आठ महिने रोज सोबत चहा घेऊन त्या याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

तिने संगणक बंद केला. काळ्या पडद्यावर तिचाच चेहरा दिसला, तशी ती उठली.

घरी सासूबाई दार उघडून उभ्याच होत्या.

"सापडला?"

"हो, आई. दोघांना एकेक डोळा मिळालाय. एक शिंपी आहेत. दुसऱ्या बाई, शाळेत शिकवतात."

"शिंपी?" सासूबाईंना हसू फुटलं. "अगं, याला सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी घाम फुटायचा!"

तीही हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

बाहेर आली, तेव्हा सासूबाईंनी एक कागद पुढे सरकवला. नेत्रदानाचा अर्ज. खाली वेडीवाकडी सही.

"माझंही नाव घाल तुमच्यात," त्या म्हणाल्या. "आणि मी गेले की रडत बसू नका. कुणी आडवं आलं तरी ऐकू नकोस. आधी फोन कर."

"आई..."

"उशीर झाला की वाया जातात ना गं?"

हे विचारताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कागदाचा दुमडलेला कोपरा त्या अंगठ्याने सरळ करत राहिल्या.

ती त्यांच्या शेजारी बसली. पेनाचं टोपण काढलं.

"जन्मतारीख सांगा, आई."