मठाने विचारलेला प्रश्न

लातूरकडच्या मुरुडबाहेरच्या मठासमोर गुरुवारी सकाळी आठलाच रांग लागली होती, आणि रांगेत सगळ्या बायका होत्या. मंडपात गुरुपादप्पा महाराज एकेकीच्या तळहातावर हळदीने पिवळा केलेला कापसाचा बोळा ठेवायचे आणि त्यावर तांब्यातलं तीर्थ सोडायचे. बोळा रक्तासारखा लाल झाला, की कुळाला शाप. तो तीन गुरुवारांत उतरायचा. बोळा पिवळाच राहिला, तर बाई मोकळी. दर वेळी बोळा लाल होताना मंडपातून हुंकार उठायचा आणि बायका जागच्या जागी हात जोडायच्या.

तनुजा खांबाला टेकून बघत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. मठाच्या पायरीवर ती आजवर चढली नव्हती. आज आली ती आतेबहीण सुकन्यासाठी. सुकन्याच्या छातीत गाठ होती. तिची आई सिंधु बेचाळिसाव्या वर्षी अशाच गाठीने गेली होती आणि तनुजाची आजी, म्हणजे सिंधुची आई, पंचेचाळिसाव्या. सुकन्याला आता एकोणचाळिसावं चालू होतं.

पहिल्या गुरुवारी सुकन्याचा बोळा लाल झाल्यावर महाराजांनी डोळे मिटून सांगितलं होतं, की या घरातल्या बाया म्हाताऱ्या होत नाहीत, एकीचं नाव 'स'वरून दिसतंय. ते ऐकून तनुजाचे वडील श्रीमंत मंडपातच रडले होते. सिंधु त्यांची धाकटी बहीण. तेव्हापासून त्यांची श्रद्धा बसली होती.

आज तिसरा गुरुवार. सुकन्याच्या हातावरचा बोळा पिवळाच राहिला.

"उतरला शाप," महाराज म्हणाले. "गाठ आपोआप विरंल. पण एक ध्यानात ठेव माय, सुरी लावू नको. सुरी लागली की झोपलेला शाप जागा होतो."

मग त्यांनी तनुजालाही पुढे बोलावलं. तिचाही बोळा पिवळा. लग्न होऊन गोत्र बदललं, आता हिला कसलाच धोका नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तनुजाने मान हलवली, पण तिची नजर तांब्यांवर होती. पिवळा राहणारा प्रत्येक बोळा तांब्याच्या तांब्यातून भिजत होता. लाल होणाऱ्यांसाठी महाराजांचा हात पितळी तांब्याकडे जात होता.

घरी आल्यावर तिने वडिलांच्या पानाच्या डब्यातला चुना ग्लासभर पाण्यात ढवळला आणि गाळ बसू दिला. वरची निवळी अगदी पाण्यासारखी दिसत होती. दुसऱ्या ग्लासात साधं पाणी घेतलं. दोन बोळ्यांना हळद लावली. साध्या पाण्यातला पिवळाच राहिला, निवळीतला लालभडक झाला. त्यावर लिंबू पिळलं, तसा तोही पिवळा झाला.

"सातवीच्या पोरांना हे दाखवते मी दर वर्षी," ती म्हणाली.

श्रीमंतांनी दोन्ही बोळे उचलून उजेडात धरले. मग म्हणाले, "रंगाचं सोड. सिंधुचं त्यांनला कसं कळलं? ते सांग."

त्याचं उत्तर सुकन्याला आठवलं. मठात नाव नोंदवताना टेबलावरच्या सेवकाने विचारलं होतं, घरात कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी गेलं, आईकडचं की बापाकडचं. तिने सगळं लिहून दिलं होतं. आत नंबर लागेपर्यंत तासभर गेला होता.

"मीच सांगितलं, मामा," ती हळू आवाजात म्हणाली.

पुढच्या गुरुवारी श्रीमंत एकटे रांगेत उभे राहिले. तनुजा आणि सुकन्या मंडपाच्या कडेला होत्या. नंबर आला तसा श्रीमंतांनी खिशातल्या पुडीतली हळद स्वतःच्या तळहाताला चोळली आणि पितळी तांब्यातलं तीर्थ मागितलं. ते फक्त बायकांसाठी असतं, असं सेवक सांगू लागला. तोवर श्रीमंतांनी तांब्या उचलून हातावर ओतलाही होता. पंजा लाल झाला. त्यांनी तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला, पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, दातांनी फोडून पिळलं. लाली गेली.

"मी गडीमाणूस हाय," ते म्हणाले. "माझ्यावर शाप आला कधी अन् उतरला कधी? चुन्याचं पाणी हाय हे. माझ्या भाचीला तुम्ही महिनाभर दवाखान्यापासून लांब ठेवलं."

महाराज देव कोपण्याचं बोलू लागले, पण रांगेतल्या एका बाईने हळद मागून घेतली. मग दुसरीने. दुपारपर्यंत निम्मा मंडप रिकामा झाला. निम्मा बसून राहिला, हेही सांगायला हवं. संध्याकाळी तनुजाने जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार दिली आणि दुसऱ्या दिवशी सुकन्याला घेऊन लातूर गाठलं.

तिथे मॅमोग्राफी झाली, सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, पण काखेत पोचला नव्हता. डॉक्टर विशाखा यांनी ऑपरेशनची तारीख लिहायला घेतली. तनुजाची संशयी नजर आता त्यांच्या केसपेपरवर होती. नाव, वय, गाव, तक्रार. बस.

"मॅडम, घरात अजून कुणाला झाला होता, हे तुम्ही विचारलं नाही," ती म्हणाली. "मठात विचारलं होतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. बाहेर ओपीडी तुडुंब होती.

"विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "सांगा."

आजी, सिंधु, सुकन्या. डॉक्टरांनी कागदाच्या मागे वंशवेल काढली आणि त्याच दिवशी जनुकीय समुपदेशकाकडे चिठ्ठी दिली. सिंधुवर इलाज झाला तेव्हा अशी चिठ्ठी कुणी दिली नव्हती.

समुपदेशक बाईंनी तासभर समजावलं. शरीरातल्या एका जनुकात जन्मापासून बिघाड असेल तर कॅन्सरचा धोका वाढतो. तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. लग्नाने, गोत्राने त्यात काही बदलत नाही. दोष कुणाचाच नसतो. आधी सुकन्याचं रक्त तपासलं. बिघाड सापडला. तिचं ऑपरेशन त्याप्रमाणे ठरलं आणि नीट पार पडलं. मग श्रीमंत आणि तनुजाने रक्त दिलं. दोघांतही तोच बिघाड निघाला.

श्रीमंत रिपोर्ट हातात धरून बसले. "म्हंजे माझ्यातून आलं तुला."

"तुमच्यात आजीकडून आलं, अण्णा. अन् मला निदान कळलं तरी. आत्याला कळलंच न्हाई."

तनुजाची आता दर वर्षी तपासणी असते. पुढे काय करायचं, याचा निर्णय ती घाई न करता, विचारून-वाचून घेणार आहे. भीती वाटते, ती लपवत नाही.

शाळेच्या पालकसभेत तिने हे सगळं आयांसमोर सांगितलं आणि प्रत्येकीला कोरा कागद दिला. आईकडच्या आणि बापाकडच्या माणसांत कुणाला कॅन्सर झाला, कुठला, कितव्या वर्षी, ते लिहा. लिहिता येत नसेल तर मी लिहिते. एकाच घरात दोघी-तिघींना झाला असेल, तरुणपणी झाला असेल, तर कागद घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढे ठेवा, आणि समुपदेशकाची चिठ्ठी मागा. तोच तोच आजार घरात फिरत असेल तर त्याला कारण असतं, आणि कारण शोधता येतं.

मागच्या बाकावरची चांगुणा कागद घेऊन उठली. ती तनुजाजवळ आली.

"बाई, माझ्या दोघी मावश्या," ती म्हणाली. "लिहा."