चौथ्या मजल्यावरच्या काकू

"सापाला आंघोळ घालायची?" रेडिओवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

धाकटा गडबडला. शेजारी बसलेला थोरला हसू दाबत म्हणाला, "पाप म्हणायचंय त्याला. बाप्तिस्म्यानं पाप धुऊन निघतं."

"असं होय. मला वाटलं, तुमच्यात तशी पद्धत असेल."

दोघेही मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. घरदार सोडून दोन वर्षांसाठी परमुलखात आलेले, तेही पदरमोड करून. धाकट्याला इथली भाषा अजून धड येत नव्हती. पण 'नको' हा शब्द त्याला दाराच्या पलीकडूनही ओळखता येई. अख्ख्या गल्लीत फक्त काकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली होती. धर्माशी काकांना काही देणंघेणं नव्हतं. जन्मभर दुरुस्तीला आलेले रेडिओ उघडून आत काय आहे ते पाहिलेला माणूस. आता हाती ही दोन पोरं सापडली होती.

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला. "अहो, त्यांना चहा विचारलात का?"

"चहा चालत नाही त्यांना. कॉफीही नाही."

"मग सकाळी उठतात कशावर?"

थोरला आता मोकळा हसला. काकूंचे पाय गेले होते, पण कान आणि जीभ शाबूत होती. पलंगावरून त्या एकेक प्रश्न बाहेर धाडायच्या. तुम्ही कायम जोडीनंच का फिरता? भांडलात तर? आईशी बोलता का?

"आठवड्यातून एकदा," धाकटा म्हणाला.

"रडते का ती?"

"नाही." मग तो म्हणाला, "मी रडतो. फोन ठेवल्यावर."

थोरल्याने चमकून त्याच्याकडे पाहिलं. एका खोलीत राहून त्याला याचा पत्ता नव्हता.

 मग आतून काकू म्हणाल्या, "मला एकदा खाली न्याल का रे? लिफ्ट नाही, यांच्या कमरेत जोर नाही. रस्ता बघितला नाही कितीतरी दिवसांत."

थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं. नदीपलीकडचं एक कुटुंब बाप्तिस्म्याला जवळजवळ तयार झालं होतं. इतक्या महिन्यांच्या पायपिटीत एवढं एकच घर. आज त्यांच्याकडे शेवटची बैठक होती. "उद्या येऊ," तो हळूच म्हणाला.

"उद्या ऊन असेलच असं नाही," धाकटा म्हणाला आणि टाय सोडू लागला.

थोरला दाराशी उभाच राहिला. पंथाच्या नियमाने जोडीदाराला एकटं सोडता येत नव्हतं. शेवटी त्याने बाह्या दुमडल्या. "मी मागून धरतो. तू पुढे हो."

लाकडी खुर्चीत बसवून दोघांनी काकूंना उतरवलं. काका पुढे जाऊन प्रत्येक वळणावर उगाचच "सांभाळून" म्हणत होते. खाली फुटपाथवर त्यांनी खुर्ची टेकवली.

समोरचा किराणेवाला धावत आला. त्याच दुकानातून या दोघांना दोनदा वाटेला लावलं गेलं होतं.

"काकू, तुम्ही? अहो, आणलं कोणी?"

"ही माझी पोरं."

किराणेवाल्याने छातीवरच्या पट्ट्या वाचल्या, आत गेला आणि पाण्याचे दोन ग्लास घेऊन आला.

काकू फारसं बोलल्या नाहीत. शिंप्याच्या दुकानाच्या जागी आता औषधांचं दुकान होतं, ते त्यांनी बराच वेळ पाहिलं. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा म्हणाल्या, "चला."

नदीपलीकडे धाकटा आणि थोरला पोचले नाहीत. थोरल्याने खालूनच फोन लावला. पलीकडचा गृहस्थ सभ्यपणे म्हणाला, आम्हीच सांगणार होतो, आमचा विचार बदललाय. पुन्हा येऊ नका. हे उशिरामुळे झालं की आधीच ठरलं होतं, ते कधीच कळलं नाही. "गेलं ते घर," थोरला एवढंच म्हणाला आणि फोन खिशात टाकून त्याने खुर्चीचे मागचे पाय धरले.

वर जाणं उतरण्यापेक्षा जड होतं. तिसऱ्या मजल्यावर दम खायला ते थांबले, तेव्हा काकूंची मान पुढे धाकट्याच्या खांद्यावर कलली. त्याने घाबरून वळून पाहिलं. श्वास संथ होता. त्यांना झोप लागली होती.

वरून काका कठड्यावर वाकले. "काय झालं रे?"

"झोपल्यात," धाकटा कुजबुजला. अजून एक मजला चढायचा होता. दोघे खुर्ची तशीच धरून, न हलता उभे राहिले.