क्रेनवालीची उजवी किडनी

पाणी कोणी तोडलं? आधी ते सांगा, मग माझी ओळख करून देते. जन्मापासून एक दिवस रजा घेतली नाही, कधी आवाज चढवला नाही, आणि तरी ऐन उन्हाळ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्याकडे थेंब पोचत नव्हता. ज्याने हे केलं त्याने मान वर करून उत्तर द्यावं.

मी उजवी किडनी बोलतेय. डावी माझी जुळी बहीण. माझ्या डोक्यावर यकृत ठाण मांडून बसलंय, म्हणून मी तिच्यापेक्षा जराशी खाली. त्यावरून ती स्वतःला थोरली समजते. समजू दे.

आम्ही रक्त गाळतो, हे लोकांना ठाऊक असतं. पण खरी कारागिरी पुढेच आहे. पाणी किती ठेवायचं, किती सोडायचं, मीठ किती राखायचं, हे आम्ही ठरवतो. पोटॅशियम नावाचा एक क्षार आहे. तो वाढला तरी हृदयाचा ठेका चुकतो आणि कमी झाला तरी चुकतो, म्हणून त्याच्यावर सारखी नजर ठेवावी लागते. शरीर म्हणजे आतून एक खारट तळंच. त्याचा खारटपणा इकडचा तिकडे झाला की मेंदू गांगरतो, स्नायू हट्टाला पेटतात. तो सांभाळणं हे आमचं काम, आणि खोटं कशाला बोलू, मला ते मनापासून आवडतं.

आमची मालकीण लहानपणी नळाला तोंड लावून पाणी प्यायची. फ्रॉक पुढून चिंब व्हायचा, आई रागवायची आणि आम्ही दोघी खूश. मोठी होऊन ती टॉवर क्रेन चालवायला शिकली. उंच इमारत बांधताना आकाशात जो लांब लोखंडी हात दिसतो ना, तो ती हलवते. सळयांचा भारा इतका अलगद टेकवते की खालचे लोक तिला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे घार.

केबिन वर, संडास खाली, मध्ये उभी शिडी. खालचे लोक जेवायला बसले की क्रेनने वरच्या मजल्यांवर माल चढवून ठेवायचा, म्हणजे सुट्टीनंतर गवंड्यांचा खोळंबा होत नाही. मग क्रेनवालीने उतरायचं कधी? हा प्रश्न वेळापत्रक लिहिणाऱ्या मुकादमाला पडलाच नाही. तिने आपल्यापुरता उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. बाटली भरलेली जायची आणि भरलेली यायची. आईने विचारलं तर सांगायची, वर गार असतं गं, तहानच लागत नाही. साफ थाप. काचेची ती केबिन उन्हात भट्टी व्हायची.

मेंदूकडून हुकूम यायचा, पाणी धरून ठेवा. आम्ही धरायचो. जे थोडं सोडायचो ते काळ्या चहाच्या रंगाचं. जळजळ व्हायची, ती दात आवळून बसायची. तक्रार कशी करणार? त्या साइटवर क्रेन चालवणारी ती एकटीच बाई. ‘तरी आम्ही म्हणत होतो’ असं म्हणायला कितीतरी लोक टपून होते.

एका दुपारी भारा हवेत, खाली माणसं, आणि तिच्या हातात गोळा आला. बोटं क्रेन चालवायच्या दांड्यावर आखडली. दुसऱ्या हाताने तिने ती एकेक करून सोडवली आणि भारा टेकवला. खाली कुणाला पत्ताही लागला नाही.

घाबरून तिने त्या संध्याकाळी पेल्यावर पेला पाणी रिचवलं, आणि जेवली मात्र नाही. घामावाटे मीठ गेलेलं, आत नुसतं पाणी. ‘धरून ठेवा’ हा हुकूम मेंदूने मागे घेतलेला नव्हता, म्हणून आम्हीही ते धरून बसलो. तळं पार पातळ झालं. सकाळी ओकाऱ्या, डोकं जड. स्वतःच्या चपला कोणत्या, हेही तिला उमगेना. आईने हाताला धरून दवाखान्यात नेलं.

रक्त तपासायला गेलं तेव्हा मला वाटलं, ठपका आपल्यावरच येणार. पण डॉक्टरबाई म्हणाल्या की किडन्या गुणी आहेत, त्यांना छळू नका. मीठ उतरलं होतं, ते सलाईनमधून बेताबेताने भरलं. मग समजावलं की पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, वेळेवर जेवायचं, लघवी अडवून ठेवायची नाही. तहान का मारता, असं विचारल्यावर मालकिणीने शिडीचं आणि सुट्टीचं सगळं सांगितलं. “मग औषध तुम्हाला नको, तुमच्या मुकादमाला द्यायला हवं,” म्हणाल्या.

वाचणाऱ्यांनो, कुणाला कामाला बसवाल तेव्हा तो पाणी कधी पिणार आणि मोकळा कुठे होणार, एवढं विचारा. आम्ही फार काही मागत नाही. आज आम्ही दोघी सुखात आहोत. तळं ठीक आहे, रंग फिकट आहे. हे कसं जमलं ते ऐका.

कामावर परतल्याच्या दिवशी तिने वर बसून घोट घोट करत बाटली संपवली. जेवणाची शिट्टी झाली तशी भारा उतरवून क्रेनचा आकडा मोकळा केला, क्रेन बंद केली आणि शिडी उतरली. आधी संडासात गेली. मग मुकादमासमोर उभी राहून म्हणाली, यापुढे सुट्टीत मी रोज उतरणार.

मुकादम डबा बाजूला सारून म्हणाला, माल कोण चढवणार, साहेबांना काय सांगू, असंच असेल तर दुसरा माणूस बघावा लागेल. नोकरी जायची भीती तिला वाटली. मी आतच, मला कळलं. पण ती हलली नाही.

“पलीकडच्या क्रेनवरचे मामा बघा,” मुकादम म्हणाला. “केस पिकले, पण दिवसभर उतरत नाहीत. त्यांनी कधी तक्रार केली?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

मुकादमाने चिडून वॉकीटॉकी उचलला आणि सगळ्यांसमोर विचारलं, मामा, सुट्टीत खाली उतरायचं म्हणतेय ही, तुम्हाला काय वाटतं?

आधी खरखर आली. मग मामांचा आवाज आला.

“वाटतंय काय त्यात? शिडीखालची माणसं बाजूला करा, मी निघालोय.”