अठ्ठ्याण्णव मीटर साठ

पाच वाजायला दहा मिनिटं उरली की लुडिविना केसांवरून ओला हात फिरवायची, हे समुद्रकाठच्या तालिसायान गावातल्या साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तिला मात्र वाटायचं की आपलं गुपित आपल्या पोटात आहे. पासष्टीच्या बाईनं असं वाटून घेण्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि गल्ली हसायचीही. पण तिच्या तोंडावर कुणी हसत नसे. ऐन स्वयंपाकात व्हिनेगर संपलं तर जायचं तिच्याच दुकानात होतं.

दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीची खिडकी. तिला खुराड्यासारखी लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक, आणि आत शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, सुके मासे, साबण, मेणबत्त्या. सिगारेट सुटी मिळायची, एकेक. पेटवायला लायटर जाळीला दोरीनं बांधलेला असायचा, कारण न बांधलेला लायटर आमच्याकडे संध्याकाळपर्यंत टिकत नाही. इतर दुकानांत ही दोरी हातभर असते. लुडिविनाकडे ती वीतभरच होती, म्हणजे सिगारेट पेटवायची तर गिऱ्हाइकाला जाळीला नाक लावावं लागे. मासेमार कुरकुरत. ती म्हणायची, लांब दोरी चोरांच्या सोयीची. खरी गोष्ट अशी की पूर्वी तीही हातभरच होती. अकरा वर्षांत तिनं ती चार वेळा कापली होती.

अकरा वर्षांपूर्वी तेरोय बोटीवरची नोकरी संपवून गावी परतला आणि तेव्हापासून रोज पाचला एक सिगारेट घ्यायला येऊ लागला. टोपी काढायचा, जाळीशी वाकायचा, आणि ज्योत धरेपर्यंत, फार तर तीन श्वास, त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ असायचा. मग तो सरळ उभा राहून समुद्राबद्दल काहीतरी बोले, ती उकाड्याबद्दल काहीतरी बोले, की झालं. बाकीचा दिवस म्हणजे त्या तीन श्वासांची वाट बघणं.

त्याआधीचा विषय दोघंही काढत नसत. ती एकोणीस वर्षांची असताना गावच्या सणात तो तिच्याबरोबर तीन नाच नाचला होता आणि बोटीवर जाताना येतो म्हणाला होता. चार पत्रं आली. पाचवं आलं ते त्याच्या आईला, की झांबोआंगात लग्न केलंय. पस्तीस वर्षांनी ती बायको वारली तेव्हा तो आला. तोवर लुडिविना बापाचं करण्यात आणि त्या खिडकीत राहून गेली होती. तिनं राग धरायला हवा होता, असं तिची भाची जोवेलिन म्हणायची. राग होता, पहिले दोन महिने. पण रोज पाचला समोर येऊन उभ्या राहणाऱ्या माणसावर राग टिकवणं फार कष्टाचं काम आहे.

गोष्ट बिघडली ती डेक्स्टरमुळे. या पठ्ठ्यानं शाळेच्या फाटकासमोर व्हेपचं दुकान काढलं, निळे-गुलाबी दिवे लावून. सातवीतली पोरं आंब्याच्या आणि कलिंगडाच्या वासाचा धूर सोडत प्रार्थनेला उभी राहू लागली, तेव्हा आयांनी नगरपालिकेच्या दारात ठाण मांडलं. महिनाभरात नियम झाला. शाळेच्या कुंपणापासून शंभर मीटरच्या आत व्हेप विकायचं नाही, सिगारेट विकायची नाही, तंबाखूची पुडीसुद्धा नाही. डेक्स्टरनं आठ दिवसांत हमरस्त्यावर दुसरा गाळा घेतला आणि दिवे आणखी मोठे लावले. ज्यांचं दुकान म्हणजे घराचीच खिडकी, त्यांनी ती उचलून कुठे न्यायची? वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

लुडिविनाला सिगारेटच्या विक्रीचं काही पडलं नव्हतं. तांदूळ, मीठ आणि साबणावर तिचं भागत होतं. पण सिगारेट नसेल तर तेरोय कशाला येईल? व्हिनेगर रोज कुणी घेत नाही. एकट्या पुरुषाला साबणाची वडी तीन आठवडे पुरते. हा विचार तिनं मासे वाळत घालताना केला, फरशी पुसताना केला, आणि दर वेळी उत्तर तेच आलं.

जोवेलिन नवऱ्याशी भांडून तीन वर्षांपूर्वी मावशीकडे, तिच्या तियाकडे, आली होती आणि भांडण अजून अंगात होतं. तिनं पावलं टाकून अंतर मोजलं आणि घामाघूम होऊन परतली.

"एकशे दोन. तिया, तू बाहेर आहेस."

"तुझं पाऊल मीटरभर कधीपासून पडायला लागलं?"

"रागात असले की पडतं."

मोजणीचं काम वॉर्डाच्या सदस्या रेमेडियोसकडे आलं. तिच्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी लुडिविनानं हातात धरलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना कुमारे म्हणत, आणि हे नातं आमच्याकडे सख्ख्या बहिणीच्या वरचं. मोजणीच्या आदल्या दिवशी रेमेडियोस खिडकीशी आली आणि काहीच न घेता बराच वेळ उभी राहिली. अडचण होती मासेमार बेर्तोच्या होडीची. शाळेच्या कुंपणाचा कोपरा आणि लुडिविनाची खिडकी यांच्या मधोमध ती दोन वर्षं दुरुस्तीसाठी उपडी पडली होती. टेप होडीला वळसा घालून आणली तर अंतर शंभराच्या वर जात होतं. होडीवरून सरळ आणली तर सांगता येत नव्हतं.

"नियमात सरळ रेषेत असं लिहिलंय, कुमारे," रेमेडियोस म्हणाली. "पण माझा चष्मा उद्या घरी राहणार आहे. आणि टेपचं पुढचं टोक नोंग तेरोय धरणार आहेत."

तेरोयला सारे मानानं नोंग, म्हणजे दादा, म्हणत; तो दोन वर्षांपासून वॉर्डाच्या राखणदारांत होता. गळ्यात शिट्टी, हातात काठी, आणि शाळेच्या कोपऱ्यावरच्या बांबूच्या चौकीत दिवसभर बैठक. टेप त्याच्या हातात असणार हे ऐकून लुडिविनाचं काळीज सुपाएवढं झालं. म्हणजे झालंच की काम! त्या दिवशी पाचला तो आला तेव्हा दोघंही मोजणीबद्दल एक शब्द बोलली नाहीत. पण ज्योत धरायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, असं तिला वाटलं आणि त्या वाटण्यावर ती सकाळपर्यंत खूश होती.

दुसऱ्या दिवशी दहाला मोजणी सुरू झाली. टेप पन्नास मीटरची होती. पहिले पन्नास संपले तिथे खडूची खूण झाली आणि मागचं टोक नगरपालिकेच्या कारकुनाच्या बुटाखाली गेलं. पुढच्या टप्प्यात होडी होती. रेमेडियोस खरंच चष्मा विसरून आली होती, आणि ऐन वेळी तिनं पाठ फिरवून बेर्तोला विचारायला घेतलं की ही होडी या जन्मात तरंगणार आहे का. कारकून आभाळाकडे बघत होता. दोरीवरचे वाळलेले कपडे बायका पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. आमच्याकडे नियमाला तोंडावर नाही कुणी म्हणत नाही, लोक फक्त थोडा वेळ दुसरीकडे बघतात. त्या दिवशी साऱ्या गल्लीनं तेरोयसाठी दुसरीकडे बघितलं.

तेरोय होडीपाशी थांबला. वळशाला तीन पावलं पुरत होती. त्यानं टोपी नीट बसवली, टेप उंच धरली, होडीवरून तारेसारखी ताणून आणली आणि खिडकीच्या चौकटीला टेकवून खाली बसला.

"अठ्ठेचाळीस साठ," तो म्हणाला. "म्हणजे अठ्ठ्याण्णव मीटर साठ."

"टेप कुठे अडकली नाही ना, नोंग?" रेमेडियोसनं न वळता विचारलं. "परत एकदा बघा की."

"अडकली नाही."

लुडिविना जाळीच्या आतच होती. तो तिच्या चौकटीला हात लावून बसला होता आणि त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. कारकुनानं आकडा लिहून घेतला. रेमेडियोसनं एक लांब सुस्कारा सोडला आणि दुपारपर्यंत सिगारेटची खोकी आत ठेवायला सांगितलं, तेही लुडिविनाकडे न बघता.

त्यानंतर जोवेलिननं तेरोयच्या सात पिढ्या काढल्या. नाकासमोर चालणारा माणूस म्हणे! असाच नाकासमोर चालत झांबोआंगाला गेला होता, असं ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मग तिनं व्यवहाराचं सांगितलं, की सगळे फळीखालून विकतात, आपणही विकू. लुडिविना नको म्हणाली. राखणदाराला बोलावण्यासाठी चोरून माल ठेवायचा, तर तो आधी दंडच करायचा.

पण तिला खुपत होतं ते वेगळंच. तेरोयला सवय झाली होती, बस, एवढंच. सवयीतून सुटायला माणूस निमित्त शोधतो आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं मोजून घेतलं. याआधी एकदा येतो म्हणून गेला होता, या वेळी सर्वांसमोर, आकडा सांगून गेला. हे मनात आलं की ती उगाच मिठाच्या पिशव्या उचलून ठेवी.

तरी पाचला दहा कमी असताना ओला हात केसांवरून फिरलाच. पाच वाजले, सव्वापाच झाले. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. रोजची एवढीशी गोष्ट, पण ती गेल्यावर घर खायला उठलं. तिला आणखी काही नको होतं, नाच नको, पत्र नको. तो नुसता येऊन उकाड्याबद्दल बोलून गेला असता तरी तिला पुरलं असतं. पाचव्या दिवशी तिनं चिंध्यांच्या बोळ्यानं हात पुसले आणि मी आलेच म्हणून उठली. तीन वर्षांत पाच वाजता ती खिडकी सोडून उठलेली जोवेलिननं पाहिली नव्हती. जोवेलिन तिच्या जागी खिडकीत जाऊन बसली.

तेरोय चौकीतल्या बाकावर बसला होता. ती समोर येऊन उभी राहिली तसा तो उठला, टोपी काढली, मग परत बसला.

"तब्येत बरी नाही?" तिनं विचारलं.

"बरी आहे."

"मग?"

"काय सांगून यायचं?" तो म्हणाला. "आता तिथं घेण्यासारखं काही नाही."

"ते तूच केलंस. तीन पावलं होती, तेरोय. सगळ्यांनी पाठ फिरवली होती."

शेहेचाळीस वर्षांत तिनं पहिल्यांदाच त्याला नुसत्या नावानं हाक मारली होती. तो गळ्यातली शिट्टी चाचपत राहिला.

"म्हणून तर," तो म्हणाला. "वळसा घातला असता तर सगळ्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"कशासाठी घातला ते."

लुडिविना बाकावर बसली. साऱ्या गल्लीनं दिलेली सूट या माणसानं लाजेपायी परत केली होती आणि गेले पाच दिवस ती त्याला निर्दय समजून रडत होती.

"रेमेडियोसला ठाऊक आहे," ती म्हणाली. "कारकुनाला ठाऊक आहे. बेर्तोला तर होडीपेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून तर त्यांनी पाठ फिरवली."

तेरोयनं काठी बाकाला टेकवून ठेवली. "आणि तुला?"

"मला नव्हतं. मला फक्त माझं ठाऊक होतं."

शाळेचा शिपाई फाटकाला कुलूप लावून, दोघांकडे न बघता, सायकलवरून गेला. ती दोघं तशीच बसून राहिली. मध्ये जाळी नसताना कुठे बघायचं हे दोघांनाही जमत नव्हतं. इतकी वर्षं जे हवं होतं ते शेजारी बसलं होतं, आणि मधली सारी वर्षं गेली होती. तिनं बाहीनं डोळे टिपले.

"उद्या ये," ती म्हणाली.

"काय घ्यायला?"

"काही नाही. विकायला काही नाहीच."

"मग खिडकीशी कशाला उभा राहू?"

"खिडकीशी नको. दारानं ये. दार बाजूच्या बोळात आहे, तू कधी पाहिलं नसशील."

"पाहिलंय," तेरोय म्हणाला. "रोज."